ज्वालामुखीचा प्रकार कळला म्हणजे त्याचा धोका कळतो का?

शोधयात्री (प्रश्न)

ज्वालामुखींविषयी वाचताना माझा एक मूलभूत गोंधळ होतो आहे, तो इथल्या जाणकारांपुढे मांडतो. शाळेत आपण सर्वांनीच जागृत, निद्रिस्त आणि मृत अशी तीन खणांची वर्गवारी पाठ केलेली असते. पुढे थोडे अधिक वाचले की ढालीसारखा, संमिश्र, सिंडर शंकू, लाव्हा घुमट, कॅल्डेरा अशी आकारावर बेतलेली दुसरी यादी समोर येते, आणि तिच्यातून सावरतो न सावरतो तोच हवाईयन, स्ट्रॉम्बोलियन, व्हल्केनियन, प्लिनियन अशी उद्रेकांच्या तऱ्हांची तिसरी यादी पुढ्यात येऊन पडते. या तिन्ही याद्यांचा एकमेकींशी संबंध काय, हे मात्र कुठेच नीट उलगडून सांगितलेले आढळत नाही.

दुसरी शंका अधिक साधी आहे. वाहता लाव्हा बहुतेक वेळा माणसाच्या चालीपेक्षाही संथ असतो असे म्हणतात, आणि चित्रफितींमध्ये तर लोक त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर निवांत उभे असलेले दिसतात. असे असेल, तर १९०२ मध्ये मार्टिनिक बेटावरचे सेंट पिएर हे शहर काही मिनिटांत कसे नष्ट झाले आणि १९८५ मध्ये कोलंबियात सुमारे २३,००० माणसे कशी दगावली? कोणत्या प्रकारचा ज्वालामुखी सर्वांत घातक, असा प्रश्न मुळात विचारता येतो का?

कातळ

तीन याद्या म्हणजे तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, म्हणून त्या एकमेकींत बसवायला गेले की गोंधळ होतो. पहिली यादी हा पर्वत शेवटचा केव्हा पेटला ते सांगते, दुसरी आजवर त्याने ओकलेले पदार्थ कसे साठत गेले ते सांगते, आणि तिसरी या वेळचा उद्रेक कसा झाला ते सांगते. एकच पर्वत एकाच आठवड्यात तिसऱ्या यादीतल्या दोन-तीन तऱ्हा दाखवू शकतो. माझ्या मते धोक्याच्या दृष्टीने सर्वांत कुचकामी यादी पहिली, आणि नेमकी तीच आपल्याकडून घोकून घेतली जाते. फिलिपाइन्समधला पिनाटुबो सुमारे ५०० वर्षे शांत होता. त्याच्या उतारांवर घनदाट जंगल होते, वस्ती होती, आणि १९९१ मध्ये त्याने विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक घडवला. मेक्सिकोतल्या एल चिचोनकडेही १९८२ पर्यंत कोणी फारसे लक्ष देत नव्हते, आणि त्या वर्षी त्याच्या पायथ्याची सुमारे २,००० माणसे गेली. फार काळ गप्प असलेल्या पर्वताच्या पोटात वायूंनी भरलेला शिलारस (जमिनीखालचा वितळलेला खडक, जो बाहेर आला की लाव्हा म्हणवतो) साठत राहिलेला असू शकतो, एवढे ध्यानात ठेवले तरी 'निद्रिस्त' हा शब्द दिलासा देणारा वाटत नाही.

उरलेल्या दोन याद्यांना जोडणारा दुवा शिलारसाच्या घडणीत आहे. त्यात सिलिकाचे (वाळूतल्या मुख्य द्रव्याचे; ते जितके जास्त तितका रस चिकट) प्रमाण किती आणि विरघळलेले वायू किती, या दोन गोष्टी समजल्या की बरेचसे आपोआप उलगडते. बेसाल्टी शिलारसात सिलिका साधारण ४५ ते ५२ टक्के असते, त्याचे तापमान ११०० ते १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि तो पातळ असतो. रायोलाइटी शिलारसात सिलिका ७० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते, तापमान ७०० ते ८५० अंशांपर्यंतच असते आणि तो इतका चिकट असतो की जेमतेम सरकतो. अँडेसाइट आणि डेसाइट हे या दोहोंच्या मधले. खोलवर प्रचंड दाबाखाली असताना पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड हे वायू शिलारसात विरघळलेले असतात. शिलारस वर चढू लागला की दाब उतरतो, विरघळलेला वायू सुटा होऊन त्याचे बुडबुडे बनतात आणि ते फुगू लागतात. शिलारस पातळ असेल, तर बुडबुडे वर निसटतात आणि उरलेला रस ओसंडून वाहतो. तो चिकट असेल, तर बुडबुडे जागच्या जागी अडकतात, त्यांच्यातला दाब वाढत जातो, आणि अखेरीस त्यांच्यामधल्या भिंती फुटून सगळा रस क्षणात चुरा होतो. आपण जिला ज्वालामुखीची राख म्हणतो ती हाच काचेचा आणि खडकाचा बारीक, धारदार चुरा असते.

आता आकारांकडे वळू. पातळ बेसाल्ट दूरवर पसरतो, म्हणून त्याने रचलेला पर्वत अवाढव्य पण बसका होतो. हवाईतला मौना लोआ समुद्रसपाटीपासून ४,१६९ मीटर उंच आहे, तरी त्याचे बहुतेक उतार काही अंशांचेच आहेत. हा ढालीसारखा ज्वालामुखी. १९८४ नंतर तो थेट २०२२ च्या नोव्हेंबरात पेटला, तेव्हा भेगांमधून लाव्हाची कारंजी उडाली, प्रवाह उतारांवरून वाहिले आणि दोन आठवड्यांत सगळे थांबले. हाच बेसाल्ट मध्यवर्ती मुखाऐवजी लांबच लांब भेगांतून, फार मोठ्या प्रमाणात आणि पुन्हा पुन्हा बाहेर आला की पर्वताऐवजी पठार तयार होते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये असेच घडले.

संमिश्र ज्वालामुखी बहुतेक करून अशा ठिकाणी सापडतात, जिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो. खाली जाणारा सागरी भूपट्ट आपल्याबरोबर पाणी घेऊन जातो, खोलवर ते पाणी सुटते आणि वरच्या प्रावरणातल्या खडकाचा वितळणबिंदू खाली आणते. म्हणूनच इथल्या शिलारसात पाण्याची वाफ भरपूर असते, आणि वर येता येता त्यातली सिलिकाही वाढलेली असते. म्हणजे स्फोटाला लागणारी दोन्ही कारणे एकाच जागी जमतात. राखेचे आणि लाव्हाचे थर एकमेकांवर चढत जाऊन तो देखणा, माथ्याकडे ३० अंशांहून तीव्र होत जाणारा शंकू बनतो. फुजी (जपान), मेरापी (इंडोनेशिया), सेंट हेलेन्स (अमेरिका), व्हेसुव्हियस (इटली) हे सारे याच जातीचे.

सिंडर शंकूंवर, म्हणजे उडालेल्या लाव्हाच्या खड्यांचे मुखाभोवती जे ढीग साचतात त्यांच्यावर, फार वेळ घालवण्याचे कारण नाही. ते लहान असतात आणि बहुधा एकाच उद्रेकात जन्मून संपतात. फक्त पारिकुतिनचा उल्लेख टाळवत नाही. २० फेब्रुवारी १९४३ रोजी मेक्सिकोतल्या एका मक्याच्या शेतात, शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत जमिनीला भेग पडली आणि तिथून धूर निघू लागला. वर्षभरात तिथे ३०० मीटरांहून उंच टेकडी उभी राहिली, आणि १९५२ मध्ये उद्रेक थांबला तो कायमचाच.

लाव्हा घुमट म्हणजे मुखातच साचून राहिलेला अतिचिकट लाव्हा. तो दिसायला निरुपद्रवी असतो, पण त्याची कड कोसळली की आत कोंडलेले तप्त वायू आणि खडक एकदम सुटतात. कॅल्डेरा हा तर बांधकामाचा नव्हे, पडझडीचा आकार आहे. खालचे शिलारसाचे कोठार झपाट्याने रिते झाले की वरचे छप्पर आत ढासळते आणि काही किलोमीटर, क्वचित त्याच्या कित्येक पट रुंदीचा खड्डा उरतो. १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोराने आपल्या उंचीतले हजार मीटरांहून जास्त असेच गमावले.

उद्रेकांच्या तऱ्हांची तिसरी यादी म्हणजे वायू कसा सुटतो त्याची उतरंड आहे. हवाईयन तऱ्हेत तो सलग, कारंज्यांसारखा सुटतो. स्ट्रॉम्बोलियन तऱ्हेत मोठाले बुडबुडे ठरावीक अंतराने फुटतात. इटलीजवळच्या स्ट्रॉम्बोली बेटावर हे जवळजवळ अखंड, काही मिनिटांच्या अंतराने चालू असते. व्हल्केनियन तऱ्हेत घट्ट झालेले बूच आतल्या दाबाने उडते. प्लिनियन तऱ्हेत तासन् तास टिकणारा राखेचा स्तंभ २०-३० किलोमीटर किंवा त्याहून उंच चढतो. इसवी सन ७९ मधल्या व्हेसुव्हियसच्या उद्रेकाचे डोळस वर्णन करणाऱ्या धाकट्या प्लिनी या रोमन लेखकावरून तिला हे नाव मिळाले.

निर्झरा

कातळ यांनी यंत्रणा उत्तम मांडली आहे. दुसऱ्या शंकेविषयी मी लिहिते, कारण कोणता प्रकार घातक या प्रश्नाचे उत्तर मला पर्वताच्या आकारापेक्षा त्याच्या अंगावरून काय खाली येते आणि ते कोणत्या वाटेने येते, यात दिसते.

सेंट पिएर लाव्हाने नष्ट झाले नाही. ८ मे १९०२ च्या सकाळी माँट पेले पर्वतावरून तप्त वायू, राख आणि खडकांचा एक दाट ढग जमिनीला चिकटून, अफाट वेगाने खाली घसरत आला आणि सुमारे सात किलोमीटरवरच्या शहरावरून पार होऊन समुद्रावर गेला. बंदरातली जहाजेही पेटली. सुमारे २८,००० माणसे गेली, आणि शहरात वाचलेल्यांमध्ये जाड भिंतींच्या कोठडीत बंद असलेला एक कैदी होता. यालाच अग्निदलिक प्रवाह म्हणतात. याचा वेग बहुधा ताशी ८० किलोमीटरहून जास्त, कधी कधी तर कितीतरी पटींनी जास्त असतो आणि तापमान २०० ते ७०० अंशांपर्यंत असू शकते. हा प्रवाह तीन प्रकारे जन्मतो: आकाशात चढलेला राखेचा स्तंभ स्वतःच्या वजनाने कोसळतो तेव्हा, लाव्हा घुमटाची कड ढासळते तेव्हा, किंवा पर्वताची बाजूच फुटते तेव्हा. १८ मे १९८० रोजी सेंट हेलेन्सवर तिसरा प्रकार घडला. त्याआधी काही आठवडे पर्वताची उत्तर बाजू रोज दीड-दोन मीटरांनी फुगत होती. त्या सकाळी भूकंपाचा एक धक्का बसला, ती अख्खी बाजू दरड होऊन सरकली, आतला दाब एकाएकी मोकळा झाला, आणि स्फोट वरच्या दिशेने न होता आडवा झाला. अशा प्रवाहासमोर पळणे शक्य नसते. तो येण्यापूर्वी तिथे नसणे एवढाच उपाय असतो.

कोलंबियातली घटना मात्र वेगळी आहे, आणि मला ती अधिक अस्वस्थ करते, कारण उद्रेक लहान होता. नेवादो देल रुइझ हा ५,३०० मीटरांहून उंच, बर्फाची टोपी असलेला संमिश्र ज्वालामुखी. १३ नोव्हेंबर १९८५ च्या दुपारी त्याने राख उडवली, आणि संध्याकाळपर्यंत ती नदीच्या वाटेने ७० किलोमीटरांहून दूर असलेल्या आर्मेरो गावावर पडू लागली. लोकांना घाबरू नका, घरातच थांबा असे सांगण्यात आले. रात्री नऊच्या सुमारास मुख्य उद्रेक झाला. तप्त राख आणि दगड हिमनदीवरून घसरले, बर्फाचा केवळ काही हिस्सा वितळला, पण ते पाणी वाटेतली माती, दगड, झाडे उचलत डोंगरावरून निघालेल्या नद्यांच्या अरुंद घळींतून खाली सुटले. जसजसे ते खाली येत गेले तसतसा त्याचा आकार घटण्याऐवजी कित्येक पटींनी वाढला. ओल्या काँक्रीटसारख्या घट्ट चिखलाच्या या लोंढ्याला लाहार म्हणतात. तो साडेअकराच्या सुमारास, लागुनिया नदीच्या घळीच्या तोंडाशी वसलेल्या आर्मेरोवर येऊन आदळला. उद्रेक आणि लोंढा यांच्यात अडीच तास होते. घळीच्या बाजूच्या उंचवट्यावर चढायला तेवढा वेळ पुरेसा होता, पण निघा असा आदेश लोकांपर्यंत पोहोचलाच नाही.

यात दोन गोष्टी विशेष बोचतात. एक म्हणजे धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार झालेला होता आणि त्यात आर्मेरो लाहारच्या वाटेवर दाखवलेले होते. दुसरी म्हणजे १८४५ मध्येही याच ठिकाणी असाच चिखलाचा लोंढा येऊन सुमारे हजार माणसे दगावली होती, आणि नंतरचे गाव त्याच चिखलाच्या सुपीक थरावर उभे राहिले होते. ज्वालामुखीच्या पायथ्याची सपाट, सुपीक जमीन अनेकदा अशीच घडलेली असते. म्हणून पर्वतापासूनचे सरळ अंतर मोजण्यापेक्षा, त्याच्या अंगावरून निघणारी कोणती नदी आपल्या दारात येते हे पाहावे. घळीच्या तळाशी ७० किलोमीटरवर राहणारा माणूस, बाजूच्या कड्यावर १० किलोमीटरवर राहणाऱ्या माणसापेक्षा अधिक धोक्यात असू शकतो. लाहारला उद्रेकही लागतोच असे नाही. पिनाटुबोच्या उतारांवर साठलेली राख पुढची कित्येक वर्षे दर पावसाळ्यात चिखल होऊन खाली येत राहिली.

त्सुनामीचा तर बहुतेकांना विसरच पडतो. १८८३ मध्ये इंडोनेशियातल्या क्राकाटोआच्या उद्रेकात ३६,००० हून अधिक माणसे गेली, आणि त्यांतली बहुसंख्य समुद्राच्या लाटांनी गेली. त्याच जागी पुढे वर आलेल्या अनाक क्राकाटोआची एक बाजू २२ डिसेंबर २०१८ च्या रात्री समुद्रात कोसळली, तेव्हाही ४०० हून अधिक माणसे बुडाली. त्या रात्री किनाऱ्यावरच्या लोकांना इशारा देण्याजोगा मोठा भूकंप झालेलाच नव्हता.

वाटसरू

निर्झरा यांच्या प्रतिसादाशी बव्हंशी सहमत आहे, पण पातळ लाव्हा ओकणारे ज्वालामुखी म्हणजे सौम्य, असा समज या धाग्यावरून होऊ नये म्हणून दोन उदाहरणे देतो.

पहिले काँगोमधल्या न्यिरागोंगोचे. हा आकाराने संमिश्र आहे, तीव्र उताराचा आहे, पण त्याचा लाव्हा सिलिकाने इतका गरीब आहे की तो जवळजवळ पाण्यासारखा धावतो. माथ्यावर त्याचे तळे साचलेले असते. १९७७ मध्ये पर्वताच्या कडा चिरून ते तळे तासाभरातच रिते झाले आणि लाव्हा वाहनाच्या वेगाने वस्त्यांत शिरला. २००२ मध्ये त्याने गोमा शहराचा काही भाग गाडला, आणि २०२१ च्या मे महिन्यात प्रवाह पुन्हा शहराच्या वेशीपर्यंत आले. 'लाव्हा संथ असतो' हे विधान इथे लागू पडत नाही, आणि आकारावरून स्वभाव ओळखण्याची सवयही इथे फसते.

दुसरे आइसलंडमधल्या लाकीचे. १७८३ च्या जूनमध्ये तिथे सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिने लाव्हा वाहत राहिला. लाव्हाने थेट माणसे मारली नाहीत. मारले ते त्याच्याबरोबर निघालेल्या वायूंनी. गवतावर फ्लोरिनची संयुगे बसली, ते खाऊन निम्म्याहून अधिक जनावरे मेली, पाठोपाठ दुष्काळ पडला आणि देशातली सुमारे एक पंचमांश माणसे दगावली. गंधकयुक्त धुके युरोपभर पसरले होते. उद्रेकाची तीव्रता मोजण्याची जी ० ते ८ ची स्फोटकता-श्रेणी सगळीकडे वापरली जाते, ती प्रामुख्याने उडालेल्या राख-दगडांचे आकारमान आणि स्तंभाची उंची पाहते. वाहिलेला लाव्हा आणि निघालेला वायू तिच्या हिशेबात धड येत नाहीत. आर्मेरो गिळणारा उद्रेकही त्या श्रेणीवर ३ च होता. त्यामुळे बातमीत आकडा लहान दिसला म्हणून निर्धास्त होऊ नये.

उद्रेकाविनाच वायू जीव घेतो याचेही उदाहरण आहे. कॅमेरूनमधल्या न्योस या विवर-सरोवराच्या तळाशी ज्वालामुखीतून झिरपलेला कार्बन डायऑक्साइड साठत गेला होता. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री तो एकाएकी उसळून बाहेर पडला आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे दऱ्यांच्या तळाने पसरला. सुमारे १,७०० माणसे आणि हजारो जनावरे गुदमरली. २००१ पासून तिथे खोल पाण्यातला वायू थोडा थोडा बाहेर सोडण्यासाठी उभे नळ बसवले आहेत.

शोधयात्री

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आर्मेरोविषयी वाचून पुढचा प्रश्न सुचतो. उद्रेक केव्हा होणार हे आधी सांगता येते का? की माणसे हलवायची की नाहीत हा निर्णय शेवटी अंदाजपंचेच घ्यावा लागतो?

कातळ

भूकंपाच्या तुलनेत इथे परिस्थिती पुष्कळ बरी आहे, कारण शिलारसाला वर यायचे असेल तर वाट करावी लागते आणि वाट करताना तो खुणा सोडतो. खडक फुटल्याने लहान लहान भूकंप होतात, जमीन फुगते आणि तिचा उतार किंचित बदलतो, आणि विरघळलेला वायू निसटू लागतो. यासाठी भूकंपमापक, कलमापक, उपग्रहावरून जमिनीची उंची मोजणारे रडार आणि सल्फर डायऑक्साइड मोजणारी उपकरणे वापरतात. यांपैकी एकाच खुणेवर कोणी जबाबदार माणूस निर्णय घेत नाही.

पिनाटुबो हे याचे सर्वोत्तम उदाहरण. आर्मेरोनंतर अमेरिकेने इतर देशांच्या मदतीला धावून जाणारे ज्वालामुखीतज्ज्ञांचे एक पथक उभारले होते. एप्रिल १९९१ मध्ये पिनाटुबोवर वाफेचे स्फोट सुरू झाले, तेव्हा ते फिलिपाइन्सच्या ज्वालामुखी संस्थेच्या शास्त्रज्ञांबरोबर कामाला लागले. मेच्या मध्यास दिवसाला सुमारे ५०० टन सल्फर डायऑक्साइड निघत होता, तो मेच्या अखेरीस ५,००० टनांवर गेला आणि नंतर एकदम घसरला. ही घसरण पाहून हायसे वाटण्याऐवजी शास्त्रज्ञ अधिक धास्तावले, कारण भूकंप चालूच होते. वायू कमी झाला याचा अर्थ बाहेर पडण्याची वाट बुजली आणि आत दाब वाढतो आहे, असा त्यांनी लावला. लोकांना धोका पटवण्यासाठी त्यांनी अग्निदलिक प्रवाहांची आणि लाहारांची चित्रफीत दाखवली. ती मॉरिस आणि कातिया क्राफ्ट या फ्रेंच दांपत्याने जीव धोक्यात घालून टिपलेल्या दृश्यांची होती, आणि त्याच वर्षी ३ जून रोजी जपानमधल्या उन्झेनच्या अग्निदलिक प्रवाहात ते दोघेही गेले. पिनाटुबोचा मुख्य उद्रेक १५ जूनला झाला. तोवर पायथ्याची हजारो माणसे आणि जवळचा अमेरिकी हवाई तळ हलवण्यात आला होता.

तरीही खात्रीची भाषा कोणी करू नये. अनेकदा शिलारस वर सरकतो, जमीन थरथरते आणि महिन्याभराने काहीही न होता सगळे शांत होते. तेव्हा माणसे हलवणाऱ्या अधिकाऱ्याला टीका सोसावी लागते, आणि पुढच्या वेळी तो कचरतो. याहून अवघड प्रकार वाफेच्या स्फोटांचा. त्यांत नवा शिलारस वर येतच नाही. खडकातले पाणी तापलेले असते, कुठेतरी दाब सुटतो आणि त्याची क्षणात वाफ होऊन खडक उडतात. आगाऊ खुणा मिळाल्या तरी त्या काही मिनिटांच्या असतात. जपानमधल्या ओन्ताकेवर २७ सप्टेंबर २०१४ च्या दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे माथ्यावर गिर्यारोहकांची गर्दी असतानाच असा स्फोट झाला. त्या वेळी इशाऱ्याची पातळी सर्वांत खालची होती. मृत आणि बेपत्ता मिळून ६३ जण गेले. न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ रोजी पर्यटक विवराच्या आसपास असतानाच स्फोट झाला आणि २२ जण दगावले. धुमसत्या विवराच्या काठावर जाणे हा धोका पत्करूनच करण्याचा प्रकार आहे, मग त्या दिवशीचा फलक हिरवा का असेना.

अनामिका

राखेविषयी अजून कोणी सविस्तर लिहिले नाही म्हणून थोडी भर घालते, कारण उद्रेकाच्या जवळपास नसलेल्या माणसालाही गाठणारा धोका हाच आहे.

राख भिजली की तिचे वजन दुपटीने किंवा त्याहूनही वाढते. छपरावर १० सेंटिमीटर ओली राख साठली तर दर चौरस मीटरवर १०० ते २०० किलोचा भार येतो, आणि पुष्कळशी साधी घरे तो पेलत नाहीत. पिनाटुबोच्या मुख्य उद्रेकाच्या दिवशीच तिथून चक्रीवादळही जात होते. पावसाने राख भिजली, आणि त्या उद्रेकात गेलेल्यांपैकी बहुतेकांचा मृत्यू छपरे कोसळूनच झाला. म्हणून राख पडत असताना ती जाड थर साचण्यापूर्वी, थोडी थोडी काढावी लागते, आणि तेही छप्पर आधीच वाकलेले नाही याची खात्री करून, कारण साफ करताना पडूनही माणसे दगावतात. राखेवर पाण्याचा मारा करून ती धुण्याचा मोह टाळावा. तिने गटारे सिमेंटसारखी बुजतात. पाण्याच्या टाक्या झाकाव्यात, नाकातोंडाला व्यवस्थित बसणारा मास्क लावावा, डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स ठेवू नयेत आणि शक्यतो गाडी काढू नये. नदीकाठच्या सखल भागात मात्र घरात दडून बसण्याचा सल्ला लागू पडत नाही, हे वर आर्मेरोच्या हकिगतीत आलेच आहे.

विमानांचा प्रश्न वेगळा आहे. राखेतली काच जेट इंजिनाच्या आतल्या तापमानाला वितळते आणि मागच्या, तुलनेने थंड पात्यांवर जाऊन पुन्हा गोठते, त्यामुळे हवेची वाटच बुजते. २४ जून १९८२ च्या रात्री जावावरून जाणाऱ्या एका प्रवासी जंबो विमानाची चारही इंजिने गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत बंद पडली. ते ११ किलोमीटर उंचीवरून घसरत खाली आले. राखेतून बाहेर पडल्यावर थंड झालेली काच तडकून गळाली आणि इंजिने पुन्हा सुरू झाली. विमानातले हवामान रडार कोरडी, बारीक राख दाखवत नाही, म्हणून वैमानिकांना अंधारात काहीच समजले नव्हते. आता राखेच्या ढगांवर नजर ठेवणारी नऊ सल्लाकेंद्रे जगाचे आकाश वाटून घेऊन काम करतात. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलंडच्या एयाफ्यात्लायोकुत्लच्या राखेमुळे युरोपातली विमानसेवा जवळजवळ आठवडाभर ठप्प झाली, तेव्हा सुमारे एक लाख उड्डाणे रद्द करावी लागली. त्यानंतर 'राख दिसली की आकाश बंद' या सरसकट नियमाऐवजी दर घनमीटर हवेत राख किती, यावर उड्डाणाचा निर्णय घेण्याची पद्धत तिथे आली.